काहीच सापडलं नाही तर?

मी समुपदेशक आहे. एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन ठरलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा सुरुवातीचे प्रश्न भूल, टाके, रजा यांचेच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरी भीती बाहेर येते. "मॅडम, दुर्बीण घालून बघितलं आणि आत काहीच सापडलं नाही तर?" हे इतक्या जणींकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

वैदेही (नाव आणि तपशील बदलले आहेत) सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कामाला. शाळेत असल्यापासून पाळीचे पहिले दोन दिवस अंथरुणात. पुढे पुढे पाळीत शौचाला बसलं तरी कळा यायला लागल्या. दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा नॉर्मल. घरी "सगळ्याच बायकांचं दुखतं", ऑफिसात "हिची रजा कॅलेंडरवर छापलेलीच आहे". गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून करायचं ऑपरेशन, सुचवली. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर एंडोमेट्रिओसिसमध्ये बाहेर, ओटीपोटात वाढतं. त्याचे वरवरचे बारीक ठिपके सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाहीत. मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो, तरी तो ओळखायला अनेकींच्या बाबतीत वर्षंच्या वर्षं जातात.

"काही सापडलं नाही, तर बरंच की," मी मुद्दाम म्हटलं.

"बरं कसं, मॅडम? सासूबाई म्हणतील, बघा, मी सांगत नव्हते?"

"आणि सापडलं तर?"

"तर रिपोर्ट सगळ्यांच्या पुढ्यात ठेवीन." ऑपरेशनची सीडी मिळते का, हेसुद्धा तिने आधीच विचारून ठेवलं होतं.

पुढच्या भेटीत बोलता बोलता तिने एक गोष्ट सांगितली. भुलीच्या आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी बेंबीखालच्या डागांबद्दल विचारलं होतं. गरम पाण्याच्या पिशवीने वर्षानुवर्षं शेकून तिथे तपकिरी जाळी उमटली होती. तिला ते सांगायचीही लाज वाटली होती.

मी विचारलं, "पिशवी कधी भरायचीस?"

"रात्री. दोन-अडीचला उठून."

"तेव्हा जागं कोण असायचं?"

"कोणीच नाही."

"मग ती कुणाला दाखवायला भरायचीस?"

ती गप्प झाली. मग बराच वेळ रडली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. समुपदेशकाने कधी बोलायचं नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली, पण आता ते बऱ्यापैकी जमतं. डोळे पुसून ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." मला कळलं की शंका सासूबाईंपुरती राहिलीच नव्हती. ऐकून ऐकून ती तिच्या स्वतःच्या मनात जाऊन बसली होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी भिस्त आहे. प्रसंगापेक्षा त्याला चिकटलेला आपला हट्ट जास्त जाळतो, असं मी मानते. पण शारीरिक दुखण्यापुढे हे वाक्य जपूनच वापरावं. कळा हट्टातून येत नाहीत. 'सगळ्यांना पटलंच पाहिजे, नाहीतर माझं दुखणं खरं नाही', एवढाच भाग हट्टाचा, आणि आम्ही तेवढाच सोडवायला घेतला. आजार किती पसरलाय आणि दुखतं किती, यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. थोड्या ठिपक्यांनी कोणी लोळतं, तर बराच पसरूनही कोणाला फारसं जाणवत नाही. काही सापडलं नाही तर दुखण्याचं दुसरं कारण शोधायचं, इतकाच त्याचा अर्थ.

मन इथे आलं की तयारी सोपी होते. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहूनच न्यायला लावते. काय सापडलं तर काय काढणार? बीजकोशाला हात लावावा लागला, तर पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल? आतड्याला चिकटलेलं निघालं तर? सही करायच्या आधी नवऱ्यालाही समोर बसवून हे बोलून घ्यावं. घरचं वाटपही आधीच करावं, कारण कळशी, दळणाचा डबा, सिलिंडर या गोष्टी डॉक्टर सांगतील तितके आठवडे उचलायच्या नसतात. वैदेहीने दळणाचं काम दिराकडे दिलं. "मदत कराल का?" असं न विचारता "महिनाभर दळण तुम्ही आणायचं" असं तिला सरळ सांगता आलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

तिच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशयामागे ठिपके आणि चिकटलेला भाग सापडला, तो काढला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, खांदा दुखतोय. काही चुकलं का?" दुर्बिणीसाठी पोट वायूने फुगवतात. त्याने छाती-पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत ती जाते, हळूहळू चालल्याने बरं वाटतं. हे आधी माहीत नसलं की बाई रात्रभर जागते.

त्याहून मोठा धक्का पहिल्या पाळीचा. ती कधी कधी नेहमीपेक्षाही जास्त दुखते, आणि 'ऑपरेशन फसलं' असा निकाल आपणच लावून मोकळ्या होतो. आतल्या जखमा भरायला वेळ लागतो. बाहेरचे टाके अर्ध्या-एक सेंटीमीटरचे, म्हणून बघणाऱ्याला वाटतं झालं, उठली. थकवा मात्र काही आठवडे पुरतो. रजा टाक्यांकडे बघून ठरवू नये. पण ताप आला, पोट फुगून दुखणं वाढत गेलं, उलट्या थांबेनात, लघवी होईना, टाक्यातून पू आला किंवा घाण वासाचा स्राव झाला, तर समुपदेशकाला नव्हे, थेट हॉस्पिटलला फोन करायचा. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर तासभरही थांबायचं नाही.

रिपोर्ट तिने सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," आणि भाजी निवडायला बसल्या. हे मला सांगताना तिचा आवाज जरा दुखावलेला होता, पण त्या दुपारी ती खोलीत जाऊन झोपली. दळणही दिरानेच आणलं.

हा आजार परत डोकं वर काढू शकतो. ती शक्यता कमी करायला डॉक्टरांनी तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्यात. मूल हवं असेल तेव्हा त्या थांबवण्याचं त्यांच्याशी बोलून ठरवायचं आहे. पुढच्या तपासणीला तिने नवऱ्यालाही यायला सांगितलंय, प्रश्नांचा कागद यावेळी तिचा तिनेच लिहिलाय.