पोरींची वेगळी परिषद कशाला?

प्रश्न : मॅडम, मी कळव्याची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. वर्गात आम्ही तिघीच मुली. पुण्यात फक्त विद्यार्थिनींसाठी दोन दिवसांची परिषद आहे, तिथे माझं पोस्टर निवडलं गेलंय : पावसाळ्यात गच्चीवरच्या सौर पॅनेलचं व्होल्टेज. शिष्यवृत्तीवर शिकते म्हणून टोमणे खातेच; आता प्रॅक्टिकलचा जोडीदार म्हणतो, "इथेही कोटा?" जाऊ की नको?

उत्तर : जा. पोस्टरसमोर उभी राहिलीस की कुणी सवलतीत प्रश्न विचारत नाही. पहिलाच प्रश्न येईल, "करंट मोजलास का?" ढग आले तरी पॅनेलचं व्होल्टेज फारसं उतरत नाही, करंट मात्र धाडकन पडतो. तेवढी रीडिंग्ज जाण्याआधी घेऊन ठेव.

आता वेगळी परिषद कशाला, ते. एम.एस्सी.ला माझा जोडीदार नॉब फिरवायचा आणि मी वहीत रीडिंग लिहायचे. का, तर माझं अक्षर चांगलं! दोन वर्षं हेच. मला वाटायचं, आपल्याच हाताला उपकरण वळत नाही. पुढे ठाण्यात शिकवायला लागले. एका परिषदेत चहाच्या रांगेत मागच्या बाईंनी विचारलं, "तुम्हीपण रीडिंगच लिहायचात का हो?" दोघी इतक्या हसलो की चहा साडीवर. तोवर पंधरा वर्षं उलटली होती.

असं वेगळं जमणं हे आपल्याकडचंच खूळ नव्हे. अमेरिकेत कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञांनी १९७७ साली स्वतःची संस्था काढली. पदवीच्या मुलींच्या परिषदा तिथे २००६ साली सुरू झाल्या, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात. आपल्याकडे २०१९ साली हैदराबाद विद्यापीठात इंडियन फिजिक्स असोसिएशनच्या गटाने भौतिकशास्त्रातल्या स्त्री-पुरुष समानतेवर परिषद भरवली, तिच्यातून त्यासाठीची सनदही निघाली. तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. असो.

पुण्यात भाषणं ऐकच, पण जेवणाच्या सुट्टीत कोपरा धरून बसू नकोस. सुट्टीतले प्रोजेक्ट कुठे मिळतात, ते वरच्या वर्गातल्या मुलींना विचार. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर तुला जवळच : ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशी, मग पुढचंच स्टेशन.

वर्गातल्या त्या दोघींनाही विचार, नोंदणी चालू असेल तर तिघी जा. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला वही जोडीदाराकडे दे.