आजोबांच्या पेटीतला रुपया प्रूफ आहे का?

प्रश्न : माझे चुलत आजोबा मुंबईत नोकरीला होते. त्यांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला, सातव्या एडवर्डचा १९०४ सालचा चांदीचा रुपया सापडला. मधला भाग आरशासारखा चमकतो, कड काळवंडली आहे. एका जाणकाराने तो दुर्मीळ ‘प्रूफ’ असावा असे म्हटले. घरच्यांना तो लक्ष्मीपूजनासाठी रांगोळीने घासून हवा आहे. काय करावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : रांगोळी, आमसूल आणि दंतमंजन तिन्ही दूर ठेवावीत, एकदा घासलेले नाणे पूर्ववत करता येत नाही.

प्रूफ हे वापरासाठी नव्हे, तर नमुना म्हणून किंवा संग्राहकांसाठी पाडलेले नाणे असते. त्यासाठी ठसे आणि चांदीची चकती दोन्ही घोटून घेतात आणि बहुधा एकाहून अधिक वेळा दाब देतात, त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी होते आणि अक्षरांच्या कडा धारदार उमटतात. केवळ चकाकी हा पुरावा मानू नये, कारण सोनाराकडून चकाकवून घेतलेला बाजारातला रुपयाही असाच दिसतो. तिरप्या उजेडात भिंगातून अक्षरांमधल्या चिंचोळ्या जागा पाहाव्यात. प्रूफमध्ये आरसा तिथपर्यंत पोहोचलेला असतो. घासलेल्या नाण्यात तिथे मळ राहतो आणि मोकळ्या भागावर केसासारखे ओरखडे दिसतात. राजाचे केस आणि कान गुळगुळीत झाले असतील, तर नाणे हातोहात फिरलेले आहे असे समजावे.

वजनही करून पाहावे. आपल्याकडे ‘रुपयाभार’ म्हणतात ते हेच माप. रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केल्यामुळे १९०४ च्या रुपयातली चांदी रुपयापेक्षा स्वस्त होती. नाणे पूर्ण किमतीला चाले, ते सरकारी शिक्क्याच्या जोरावर.

एक सावधगिरी मात्र हवी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून पुढेही संग्राहकांसाठी प्रूफ पाडून दिली. ती टांकसाळीचीच असली, तरी त्या सालची नव्हेत, आणि किमतीत मोठा फरक पडतो. हा निवाडा छायाचित्रावरून होत नाही. त्यासाठी नाणे अनुभवी अभ्यासकाच्या हातात द्यावे.

कडेचा काळपटपणा हवेतल्या गंधकामुळे आलेला असतो. आपल्या खाड्यांच्या खाजणांतून येणारा कुजका वास हे त्याचे एक कारण, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्याला हातभार लावते. नाणे कडेला धरून, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाऐवजी कडक पारदर्शक डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे. रबर बँड जवळ नको. पूजेला हवाच असेल तर तो डबीसकट चौरंगावर ठेवावा, हळदकुंकू बाहेरून वाहावे.