नणंदेची साडी नणंदेकडेच

"खर्चाला मी कधी मागेपुढे पाहत नाही. तरी माझी भेट कुणाच्या मनात भरत नाही. मला माणसंच कळत नाहीत का?"

समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणी, आणि हल्ली काही पुरुषही, हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत मांडतात. इथे सुनेत्राची हकिगत देतो आहोत. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनेत्रा ३९ वर्षांची, बँकेत नोकरी. घरात नवरा, दोन मुलं, सासू-सासरे. दोन्ही नणंदा गावातच. भाऊबीजेला तिनं थोरल्या नणंदेला साडी दिली. नणंदेनं घडी उलगडली, तर पदराच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. ते बोट तिनंच लावलं होतं. दीड वर्षापूर्वी वास्तुशांतीला तिनं सुनेत्राला दिलेली जांभळी इरकल फिरून तिच्याच हातात आली होती. "रंग छान आहे गं," एवढंच म्हणून तिनं साडी पिशवीत ठेवली. चौथ्या दिवशी सासूबाईंकडून सुनेत्राला कळलं. त्यानंतर दोन आठवडे तिला नीट झोप नव्हती.

पहिल्या बैठकीत ती स्वतःला "बेफिकीर" म्हणत राहिली. आम्ही तिला त्या संध्याकाळचा क्रम विचारला. बँकेतून साडेसातला घरी. दुकानं गर्दीनं भरलेली. कपाटाचा वरचा कप्पा उघडला, आलेल्या साड्यांच्या ढिगातली एक चांगली निवडली, त्यावर पाकिटात हजार रुपये जास्तीचे ठेवले. ते हजार रुपये का, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उशीर झाला होता ना, म्हणून."

ही गाठ आम्हाला बऱ्याच घरांत सापडते. ऐनवेळी आठवतं, अपराधी वाटतं, मग पैसा वाढवला जातो. घेणाऱ्याला मात्र वाढलेल्या पैशापेक्षा घाईच आधी जाणवते. सुनेत्राची माया कमी नव्हती. पण वर्षभरात तीसएक प्रसंग आणि पंधरा-सोळा माणसं यांचा सगळा हिशोब ती डोक्यात सांभाळू पाहत होती. तो कुणालाच सांभाळता येत नाही.

आधी माफीचं पाहिलं. तिला त्याच आठवड्यात नवी पैठणी घेऊन नणंदेकडे जायचं होतं. आम्ही थांबवलं. माफीबरोबर वस्तू नेली की ती भरपाई ठरते आणि समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. रिकाम्या हातानं जायचं, नणंद एकटी असताना, आणि ऑफिसच्या कामाचं कारण द्यायचं नाही. वाक्यं तिनं स्वतःच लिहिली: "ताई, ती साडी तुम्हीच दिलेली होती. कुणाकडून काय आलं ते मी कधी लिहून ठेवलं नाही. उघडल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल, ते माझ्या मनातून जात नाही."

नणंद सुरुवातीला काही बोलली नाही. मग म्हणाली, "एका लग्नात तू माझ्या जावेची जांभळी साडी हातात धरून बघत होतीस. ते लक्षात ठेवून घेतली होती मी." सुनेत्रानं ती साडी परत मागून घेतली आणि त्याच आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकला.

नणंदेच्या त्या एका वाक्यानं आमचं निम्मं काम झालं. नेमकी भेट सुचणं ही काही उपजत देणगी नसते. नणंदेनं एक गोष्ट पाहिली होती आणि खरेदीच्या दिवसापर्यंत जपली होती. पाहिलेलं जपायचं तर लिहायला हवं. म्हणून दुसऱ्या बैठकीपासून वही सुरू केली.

साधी दोनशे पानी वही, माणसाला एक पान. वर जन्मतारीख, तिथीनं वाढदिवस करत असतील तर तिथी, आणि मापं: ब्लाउज, शर्टाची कॉलर, बांगडी, चप्पल. खाली चार रकाने: दिलं, आलं, बोलले, नको. यातला ‘बोलले’ हा रकाना सगळ्यात मोलाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. माणसं आपल्याला काय हवं ते मागत नाहीत, बोलता बोलता सांगून जातात. "मिक्सरचं झाकण धरूनच बसावं लागतं." "रात्री वाचताना दिवा बंद करायला उठावं लागतं." त्याच रात्री एक ओळ लिहायची, फोनवर असाल तर स्वतःलाच संदेश पाठवायचा आणि रविवारी वहीत उतरवायचा. उद्या लिहू म्हटलं की जातं.

सुनेत्रानं पहिल्या उत्साहात संगणकावर रंगीत तक्ता केला, चौदा रकान्यांचा. तीन आठवड्यांत तो बंद पडला. असं नेहमी होतं. नोंद जितकी देखणी तितकी ती भरायचा कंटाळा. वही फ्रिजवर आली आणि टिकली.

मागच्या वर्षाची यादी करायला फोनवरून दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुरला. बेरीज आली सुमारे ४२ हजार. ती आकड्यानं घाबरली. आमचं लक्ष त्यातल्या १७ हजारांवर होतं, जे प्रसंगाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी खर्च झाले होते. आता दरमहा साडेतीन हजार वेगळ्या खात्यात जातात. त्यातले पाचशे बाजूला ठेवायचे, अचानक येणाऱ्या बारशा-साखरपुड्यासाठी. अधिक महिन्याचा खर्चही आधीच धरायचा. तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणून दरवर्षीच्या हिशोबात बसत नाही आणि लेक-जावयाचं वाण, ३३ अनारसे, चांदीची एखादी वस्तू हे सगळं एकदम अंगावर येतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. पंचांगात हे कितीतरी आधी दिसतं.

फोनमधली आठवण प्रसंगाच्या दिवशी लावून उपयोग नाही, त्या दिवशी फक्त शुभेच्छा देता येतात. २१ दिवस आधीची लावायची. पहिला आठवडा वही चाळून ठरवायला, दुसरा खरेदीला, तिसरा बदलून आणायला, फॉल-पिकोला, पार्सल उशिरा आलं तर त्याला. दिवाळीसाठी काही शिवून घ्यायचं असेल तर हे गणित चालत नाही. कापड गणपतीच्या आसपास शिंप्याकडे पोचलेलं बरं.

आलेल्या वस्तूंचा कप्पाही आवरला. फिरता आहेर वाईट असं आम्ही म्हणत नाही. न वापरता पडून राहण्यापेक्षा ती वस्तू कामी येणं चांगलं. पण प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी टाचायची: कुणी दिली, कधी, कशाला. देणाऱ्याच्या घरात आणि नात्यात ती जाऊ द्यायची नाही. घड्या पूर्ण उलगडून पाहायच्या, कारण बोट पदराला असतं, चिठ्ठी ब्लाउजपीसमध्ये आणि खोक्याच्या तळाशी दुसऱ्याच कुणाचं नाव.

बारशाचं एक सांगायला हवं, कारण तिथे बहुतेकांची चूक एकच असते. सगळे नवजात बाळाचे कपडे नेतात आणि ते दोन-तीन महिन्यांत तोकडे होतात. सहा ते बारा महिन्यांचं माप घ्या, आणि बाळ त्या वयाचं होईल तेव्हा ऋतू कोणता असेल ते मोजा. ऑगस्टमध्ये जन्मलेलं बाळ फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये त्या मापात बसेल, म्हणजे पातळ सुती झबली. स्वेटर घेतलात तर तो अंगाला लागायचाच नाही. सोन्याचं काही देणार असाल तर हॉलमार्कचं घ्या आणि पावती सोबत द्या, पुढे मोडताना किंवा बदलताना आईवडिलांना ती लागते. लग्नपत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं छापलं असेल तर तेच पाळा. जबरदस्तीनं खिशात कोंबलेलं पाकीट यजमानाला अवघड करतं.

तिसऱ्या बैठकीला आम्ही नवऱ्याला बोलावलं. बहिणी त्याच्या, ओवाळणीच्या ताटात हात त्याचा. पण पाकिटात किती आहे हे त्याला ओवाळताना कळायचं. अनेक घरांत सासरच्या साऱ्या देण्याघेण्याचा भार सुनेवर असतो आणि चुकलं की बोल तिलाच. हे आम्हाला पटत नाही, तसं त्यालाही स्पष्ट सांगितलं. दोन्ही बहिणींची आणि वडिलांची अशी तीन पानं त्याच्याकडे गेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं वही घेऊन वीस मिनिटं बसतात.

वडिलांचं पान भरताना त्याला कपाटात सात शर्टपीस सापडले. दर दिवाळीला एकेक दिलेला, एकही शिवलेला नाही. शिंप्याकडे जिना चढून जायचा, माप द्यायचं, पुन्हा आणायला जायचं. गुडघ्यांमुळे सासऱ्यांनी ते सोडूनच दिलं होतं. त्यानं जुना, अंगाला बरोबर बसणारा शर्ट मापाला नेला आणि सातातले तीन शिवून आणले. खिसा थोडा मोठा, चष्म्याची डबी मावेल एवढा. त्या वाढदिवसाला दुकानातून काहीच आणलं नाही. सासरे संध्याकाळी फिरायला त्यातलाच एक घालून गेले.

शेवटच्या बैठकीत वाद निघाला तो वहीवरूनच. सासूबाईंच्या ट्रंकेत सुनेत्राच्या लग्नातली आहेराची वही होती. नाव, गाव, वस्तू, रक्कम, सगळं लिहिलेलं. त्यांचं म्हणणं, ‘आलं’च्या रकान्यात किंमत हवीच, जेवढं आलं तेवढं परत करायला पाहिजे. सुनेत्राला भीती, की किंमत लिहिली की माणसं हिशोबात उतरतील.

आमच्या मते दोघींचंही खरं होतं. लग्नामुंजीचा आहेर ही गावोगावची जुनी परतफेड आहे, त्यात रक्कम माहीत असणं सोयीचं. पाचशे घेतलेल्या घरी दोनशे नेले तर ते खटकतं आणि पाच हजार नेले तर त्यांच्यावर भार पडतो. म्हणून त्या नोंदी सासूबाईंच्या जुन्या वहीत पुढे चालू ठेवायच्या, रकमेसकट. घरच्या माणसांच्या पानांवर मात्र किंमत लिहायची नाही. तिथे ‘आलं’ एवढ्यासाठीच, की ते त्यांच्याकडे परत जाऊ नये आणि वापरलं की त्यांना सांगता यावं. सासूबाईंना हे पूर्ण पटलं नाही. पण थोरल्या लेकीच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: "मोदकाचं पितळी भांडं माझं हवं म्हणाली होती. गणपतीच्या आधी कल्हई करून द्यायचं."