कॅलिफोर्नियात किमान विमा पुरतो का?

प्रश्न : मुलाने सॅन होजेत जुनी गाडी घेतली आहे. कायद्यापुरता विमा काढला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पुरेलच असं नाही. १ जानेवारी २०२५ पासून तिथली किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० अशी आहे. हा आपल्याकडच्या थर्ड पार्टीसारखाच प्रकार; स्वतःच्या गाडीचं साधं बंपरही यातून मिळत नाही. समोर नवी टेस्ला असेल तर १५,००० बघता बघता संपतात आणि वरची रक्कम मुलाच्या खिशातून जाते. हप्त्यातला फरक विचारून मर्यादा वाढवलेलीच बरी.

अपघातात कुणाला खरचटलं तरी, किंवा नुकसान १,००० डॉलरवर गेलं, तर चूक कुणाचीही असो, १० दिवसांत डीएमव्हीकडे (तिथलं आरटीओ) एसआर-१ हा अपघात कळवण्याचा फॉर्म द्यावा लागतो. पोलिसांनी नोंद केली म्हणून तो टळत नाही. लोक नेमके इथेच फसतात. अपघाताच्या वेळी विमाच नसेल तर लायसन्स चार वर्षांपर्यंत निलंबित होऊ शकतं. वर्षानंतर ते परत हवं असेल, तर विमा कंपनीमार्फत एसआर-२२ हा विमा असल्याचा दाखला भरून तो तीन वर्षं खंड न पडू देता चालू ठेवावा लागतो.