अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचं तर शिक्षणाची आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की बीएसएन (नर्सिंगची पदवी) झालंय, अमेरिकेत मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून दोन वर्षं काम करताय, आणि घरचे म्हणतात की भूल देणं हे डॉक्टरांचं काम, नर्सने त्यात कशाला पडायचं. मी याच वाटेने सीआरएनए, म्हणजे भूल देणारी प्रमाणित नर्स, झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांना एवढंच सांगा की मेयो क्लिनिकमधल्या ॲलिस मॅगॉ या नर्सने १९०६ साली चौदा हजारांहून जास्त भुलींचा आढावा छापला होता आणि त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. हे काम नर्सेस फार पूर्वीपासून करत आल्या आहेत.

आता हिशेब. वॉर्डातली तुमची दोन वर्षं वाया गेली नाहीत, पण अर्जात ती धरत नाहीत. नियमाने क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या कामाचा, किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. प्रत्यक्षात निवड झालेले बहुतेक जण आयसीयूत दोन-तीन वर्षं काढून आलेले असतात. पुढचा कोर्स किमान ३६ महिन्यांचा. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, डीएनपी (नर्सिंगमधली) किंवा डीएनएपी (नर्स ॲनेस्थेशियामधली). मास्टर्सवर भागतं असं सांगणारी जुनी माहिती अजून नेटवर फिरतेय, तिच्यावर विसंबू नका. अर्ज केल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतही बरेच महिने जातात. म्हणजे आज आयसीयूत गेलात तरी सहा वर्षं धरून चाला.

यातला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे आयसीयू कोणतं निवडायचं. इमर्जन्सी, रिकव्हरी किंवा ऑपरेशन थिएटरचा अनुभव बरेच कॉलेज आयसीयूच्या जागी धरत नाहीत. जिथे व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली, प्रेशर सतत दाखवणारी नळी) आणि एकाच वेळी तीन-चार ड्रिप सांभाळाव्या लागतात, तिथे जा. हार्ट सर्जरीचं किंवा सर्जिकल आयसीयू मिळालं तर उत्तम.

मी घाई केली होती. आयसीयूत जेमतेम चौदा महिने झाले असताना अर्ज टाकला, मुलाखतीलाही बोलावलं. पहिलाच प्रश्न असा: बायपास करून आलेला पेशंट आहे, प्रेशर उतरतंय, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढतोय आणि छातीच्या ड्रेनमधून येणारं रक्त एकाएकी थांबलंय. मी लगेच म्हटलं, टॅम्पोनाड, सर्जनला बोलावीन. बरोबर होतं. पुढचा प्रश्न आला: याच पेशंटला आत्ता भूल द्यायची आहे, धोका कुठे आहे? मी गप्प. हृदयाभोवती रक्त साठून ते नीट भरतच नाहीये. भुलीच्या औषधाने शिरा सैलावतात, व्हेंटिलेटरने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं आणि पेशंट टेबलावरच कोसळू शकतो, हे तेव्हा मला जोडून सांगता आलं नाही. नॉरएपिनेफ्रिन या प्रेशर वाढवणाऱ्या औषधाचा पंप मी रोज वरखाली करत होते, पण ऑर्डर आहे म्हणून. त्या वर्षी निवड झाली नाही.

पुढचं वर्ष मी त्याच युनिटमध्ये राहिले. ड्रिप बदलण्याआधी मॉनिटरवर काय होणार ते मनात म्हणायचं आणि मग आर्टेरियल लाइनच्या लहरीकडे बघायचं, अशी सवय लावली. अंदाज चुकला की ड्यूटी संपल्यावर फिजिऑलॉजी उघडायची. दुसऱ्या मुलाखतीत तेच कामाला आलं.

आयसीयूत असतानाच सीसीआरएनची, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सिंगच्या प्रमाणपत्राची, परीक्षा द्या. त्यासाठी आधीच्या दोन वर्षांत गंभीर पेशंटच्या थेट सेवेचे १७५० तास लागतात, म्हणजे पूर्णवेळ कामात ते आपोआप भरतात. जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) बहुतेक ठिकाणी किमान ३.० मागतात, स्पर्धा मात्र त्याच्या बरीच वर चालते. बीएसएनमध्ये केमिस्ट्री किंवा स्टॅटिस्टिक्सला मार्क कमी असतील तर तो विषय आत्ताच पुन्हा करा. काही कॉलेजना ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री लागते, काहींना फिजिक्स, आणि जुना विषय किती वर्षांपर्यंत चालतो हेही प्रत्येकाचं वेगळं. चार-पाच कॉलेज निवडून त्यांच्या अटी एका कागदावर मांडा. त्यांच्या कोर्सला मान्यता आहे का आणि त्यांचे किती विद्यार्थी पहिल्या फटक्यात राष्ट्रीय परीक्षा पास होतात, हेही विचारा. ती परीक्षा पास झाल्याशिवाय नावापुढे सीआरएनए लावता येत नाही.

पैशांचं आधीच बोलून ठेवा. कोर्सचा खर्च एक लाख डॉलरच्या पुढे सहज जातो, आणि शिकताना नोकरी जवळजवळ अशक्य. क्लिनिकलचेच दोन हजार तास असतात, पहाटे थिएटरमध्ये मशीन तपासून दिवस सुरू होतो. माझ्या घरी तीन वर्षं एकाच पगारावर भागवलं. त्यासाठी आयसीयूतल्या ओव्हरटाइमचे पैसे वेगळे ठेवले होते. तुम्ही ग्रीन कार्डावर नसाल तर सरकारी शैक्षणिक कर्ज साधारणपणे मिळत नाही, ते पहिल्यांदा तपासा.

आणि अर्ज करण्याआधी एखाद्या सीआरएनएसोबत निदान एक-दोन अख्खे दिवस उभे राहा. तुमच्याच हॉस्पिटलच्या ॲनेस्थेशिया विभागात विचारलंत तर बहुधा सोय होते. भूल चढताना ते कुठे बघतात, काय ऐकतात, हात कुठे असतो, तेवढं नीट पाहा. आयसीयूत बदलीचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नका, तो याच महिन्यात द्या.