बाळ नको असं नाही, हे दिवस नकोत

गर्भवती स्त्रिया माझ्याकडे येतात तेव्हा शब्द वेगवेगळे असतात, पण प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "आठवा महिना लागला, आता तर आनंद व्हायला हवा ना? मग मला सारखं रडू का येतं? माझं काही चुकतंय का?" हा प्रश्न आला की मला ती आठवते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तेहतिसावा आठवडा चालू होता. माझ्या दाराशीच तिच्या सँडलचं बकल सुटलं. ती वाकायला गेली, पोट मध्ये आलं. भिंतीला हात टेकून पाय वर घेऊन पाहिला, जमेना. शेवटी नवऱ्याने खाली बसून बकल लावून दिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो बावरला. "अगं, दुखलं का?" तिने नुसती मान हलवली.

खुर्चीत बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, बाळ नको असं नाही हो. पण हे दिवस नकोत. असं वाटणारी बाई आई व्हायच्या लायकीची तरी असते का?"

मी लायकीच्या प्रश्नाला हातच घातला नाही. म्हटलं, "काल रात्री झोपायला गेलात तिथपासून सांगा." आणि तिने सांगितलेली रात्र ऐकूनच मला थकवा आला. आडवं झालं की छातीत जळजळ. डोळा लागतो न लागतो तोच लघवीला. दोनच्या सुमारास पोटरीत गोळा. मग एक वाईट स्वप्न, बाळ कुठेतरी ठेवून ती विसरून आली आहे असं. दचकून जागी झाली तर उताणी झोपलेली! आपल्या अशा झोपण्याने बाळाला काही झालं असेल या धास्तीने पहाटेपर्यंत ती हालचाली मोजत बसली होती. असं एक दिवस नाही, तीन आठवडे.

तीन आठवडे अशी झोप मिळालेलं कोणीही रडेल, त्यासाठी गर्भवती असण्याची गरज नाही. मी तिला हे असंच सांगितलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर शरीर जे करतं त्याला कारणं आहेत. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप सैल पडते, त्यात गर्भाशय जठराला वर ढकलतं, म्हणून जळजळ. तेच गर्भाशय श्वासपटलाला खालून रेटतं, म्हणून दोन जिने चढले तरी धाप. स्वप्नं जास्त आठवतात कारण झोप वारंवार मोडते, आणि स्वप्नाच्या मध्यात जाग आली तर ते लक्षात राहतं. बाळ विसरल्याचं स्वप्न पडणं म्हणजे बाळ नकोसं असणं नव्हे. माझ्या अनुभवात ते जबाबदारीची धास्ती घेतलेल्या बायकांनाच जास्त पडतं.

उताणं झोपण्याबद्दल तिने जे वाचलं होतं ते खोटं नव्हतं. गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून या महिन्यांत कुशीवर झोपायला सांगतात. डावी किंवा उजवी, कोणतीही कूस चालते. पण झोपेत कूस बदलली जाणारच. जाग आली की पुन्हा कुशीवर वळायचं आणि झोपायचं. एवढंच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिला काय सांगितलं गेलं होतं, तर "आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होतो." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मान्य. पण ऐकणारीला रडू आलं की आता ती रडण्याचाही अपराध पोटात घेऊन बसते. माझी ही बाई न्हाणीघरात नळ सोडून रडत होती, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला हे माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं. तो काहीच बोलला नाही, फक्त खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

एवढं बोलून "सगळं नॉर्मल आहे" म्हणत घरी पाठवणं मला पटत नाही. गरोदरपणातही नैराश्य येतं, ते फक्त बाळंतपणानंतरचं दुखणं नाही. मी तिच्याकडून नैराश्य चाचपणारी एडिंबरो प्रश्नावली भरून घेतली. ती १९८७ साली बाळंतिणींसाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न असतात. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे तिचं उत्तर "कधीच नाही" होतं, एरवी गुण काठावरचे (यात गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त). म्हणून डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरायची असं ठरलं. दहाव्या प्रश्नाचं उत्तर वेगळं असतं तर मी त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

हालचाली मोजण्याचंही ठरवलं. ती दिवसरात्र मोबाइलवर नोंदी करत होती. तिचं बाळ संध्याकाळी जास्त हलायचं, तेव्हा दिवसातून एकदा, कुशीवर पडून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली हा सर्वसाधारण हिशोब, पण त्याहून महत्त्वाची तिच्या बाळाची नेहमीची पद्धत. शेवटच्या आठवड्यांत जागा कमी म्हणून बाळ कमी हलतं, हा समज चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार बदलेल, पण ती मंदावली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

तिसऱ्या भेटीत निघता निघता ती म्हणाली, "रात्री तळहात-तळपाय फार खाजतात, पण जाऊ दे, तुम्ही म्हणाल मी फारच विचार करते." मी तिला पुन्हा बसवलं. अंगावर पुरळ नसताना तळव्यांना खाज येणं हे यकृताच्या त्रासाचं लक्षण असू शकतं, त्यासाठी रक्त तपासावं लागतं. सततची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, बरगड्यांखाली दुखणं, पाणी जाणं, रक्तस्राव, यांतलं काहीही मनाचा खेळ म्हणून सोडायचं नाही. ती त्याच दिवशी तपासून आली. रिपोर्ट चांगला आला. "उगाच सगळ्यांना त्रास दिला," असं तिने फोनवर म्हटल्यावर मी जरा जोरातच "नाही" म्हणाले. घाबरट ठरवल्या गेलेल्या बायका खरी लक्षणंही गिळून टाकतात, याची मला फार भीती वाटते.

झोप एकदम सुधारली नाही. पण रात्री जाग आली की नवऱ्याला उठवायची सवलत तिने घेतली. दुसऱ्यांदा भरलेल्या प्रश्नावलीत गुण खाली आले होते.

सदतिसाव्या आठवड्यात ती आली तेव्हा पोट खाली सरकलं होतं, श्वास मोकळा झाला होता, लघवीचे हेलपाटे मात्र वाढले होते. पायात बिनबकलाच्या चपला होत्या. मी विचारलं, "काल किती हालचाली?"

"पहिल्या चार मोजल्या," ती म्हणाली. "मग त्याला उचक्या लागल्या. पोट कसं टुक टुक उडत होतं, आम्ही दोघं बघत बसलो. पुढचं मोजायचं राहूनच गेलं."