पु-अर चहाला ओल्या मातीचा वास का येतो? तो प्यायचा तरी कसा?

टाकू नका, खराब झालेला नाही. तुम्ही लिहिलंय की भावाने चीनहून आणलेली गोवरीएवढी गोल वडी फोडून दूध-साखर घालून उकळली, तर घरभर ओल्या मातीचा वास सुटला. शिवाय वेष्टनावर 7572 छापलंय, म्हणजे हा 1975 सालचा, लाखाचा माल आहे का? आधी आकड्याचं सांगतो, कारण वासाचं उत्तरही तिथेच आहे.

7572 हा मिश्रणाचा नंबर. 75 म्हणजे ते मिश्रण ज्या वर्षी ठरलं ते साल. त्यापुढचा 7 पानांची प्रत सांगतो. शेवटचा 2 म्हणजे युन्नान प्रांतातला मंगहाईचा कारखाना. 1 असता तर कुनमिंगचा. तुमची वडी कधी दाबली ती तारीख वेगळी छापलेली असते, बहुधा वेष्टनाच्या मागे. तेव्हा लाखाचं विसरा. चहा मात्र अस्सल असेल तर रोज प्यायला उत्तम.

आता वास. पु-अर दोन तऱ्हेचा असतो. शंग म्हणजे कच्चा: पानं कढईत परतून, उन्हात वाळवून, वाफेवर मऊ करून दाबतात आणि नुसती ठेवून देतात. तो वर्षानुवर्षं आपोआप मुरतो. हाँगकाँगच्या दमट गोदामांत असा मुरलेला चहा लोकांच्या जिभेवर बसला, पण पंधरा-वीस वर्षं थांबायला सवड कुणाला? मग 1973च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात तोड काढली. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग घालायचा, पाणी शिंपडायचं, वरून कापड टाकायचं आणि दीड-दोन महिने अधूनमधून फावड्याने खालीवर करत राहायचं. ढिगाच्या पोटात पन्नास-साठ अंश उष्णता धरते. बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव पानांतला तुरटपणा मोडतात, रंग काळपट होतो. हा झाला शौ, म्हणजे पिकवलेला. तुमचा 7572 याच जातीचा, आणि तुम्हाला आला तो वास त्या ढिगाचा. नव्या वडीला तो जास्त येतो, काही वर्षांत बराच उतरतो.

पानं उकळल्याने जे हळूहळू दहा पाण्यांत उतरायचं ते एकदमच उतरलं, म्हणून तो तुम्हाला सोसला नाही. असं करून बघा:

वडी हाताने मोडू नका, चुरा होतो. चहा फोडायची सुई नसेल तर पातळ स्क्रूड्रायव्हर धुऊन घ्या, कडेने आडवा घालून हलकेच उचका. पापुद्रे सुटतात. असे पाच-सहा ग्रॅम घ्या, त्याला शंभर-सव्वाशे मिलिलिटरचं छोटं भांडं. चिनी लोक झाकणाचा वाडगा वापरतात, गायवान म्हणतात त्याला. घरी लहान किटली आणि गाळणं चालतं. पाणी खळखळ उकळतं हवं, इथे कोमट-बिमट चालत नाही. पहिलं पाणी घालून दहा सेकंदांत ओतून द्या. नव्या शौला मी दोनदा धुतो, निम्मा वास तिथेच जातो. मग पुन्हा पाणी, दहा-पंधरा सेकंद, आणि सगळं गाळून कपात. किटलीत थेंब ठेवू नका, नाहीतर पुढचं पाणी कडवट होतं. त्याच पानांवर असं आठ-दहा वेळा चालतं. चौथ्यानंतर दर वेळी थोडं जास्त थांबायचं. पहिली दोन पाणी शाईच्या रंगाची, दाट. मला स्वतःला पाचवं-सहावं आवडतं. मातकटपणा गेलेला असतो आणि घोट गिळल्यावर मागाहून गोडी येते. साखर लागत नाही.

पुढे कधी शंग मिळाला तर वेळ आणखी कमी करा. कोवळा शंग चांगलाच तुरट असतो, रिकाम्या पोटी तर घेऊच नका.

दूध घातलं म्हणून पाप झालं असंही नाही. युन्नानचा हाच दाबलेला चहा खेचरांवरून तिबेटात जायचा आणि तिथे लोणी-मीठ घालून घुसळला जायचा. शिवाय हे झाड आसामच्याच मोठ्या पानाच्या जातीचं, म्हणजे तुमच्या डब्यातल्या चहाचं सख्खं भावंड. मी नोकरीनिमित्त दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौत राहिलो तिथे सकाळच्या डिमसमबरोबर, म्हणजे वाफवलेल्या-तळलेल्या छोट्या छोट्या पदार्थांबरोबर, तेलकट-तुपकट खाण्यावर उतारा म्हणून शौ घेतात. किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं की वेटर न बोलावता गरम पाणी भरून जातो. वडापावावरही हा छान जमतो, खोटं वाटलं तर करून बघा. वजन उतरतं वगैरे जाहिरातींवर मात्र जाऊ नका, आणि रात्री उशिरा पिऊ नका; झोप उडते.

राहिली ठेवण्याची जागा. हा चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो, त्यामुळे मसाल्याच्या फडताळात नको, डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात तर मुळीच नको. फ्रिजही नको. मूळ कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, उजेडापासून लांब ठेवा. तुम्ही रत्नागिरीत राहता म्हणता, तेव्हा जून ते सप्टेंबर खोकं काढून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात हलवा आणि दर पंधरवड्याला उघडून बघा. वडीवर पांढरी-हिरवी लव दिसली तर ‘मुरतोय’ अशी समजूत घालून घेऊ नका. सरळ टाकून द्या.